पालथी होडी

"आता सरळ कर की बाबा हिला," असं स्वतःलाच बजावत ज्ञानबानं होडीच्या काठाखाली पहार घातली आणि जीव खाऊन रेटली. होडी वीतभर उचलली, डुगडुगली आणि धप्पकन पुन्हा पालथी पडली.

चार दिवसांपूर्वी येडू धनगर तिघा भावांसह मेंढरं घेऊन इथून चालला होता. त्या चौघांनी हसतखेळत होडी पालथी घालून दिली आणि ते केम गावाच्या बाजूला निघून गेले. म्हातारा नावाडी खुशीत होता. उजनी धरणाचं पाणी उतरलं, की बुडालेल्या गावाच्या भिंती वर येतात आणि होडीचा तळ खरवडून काढतात. तळाचा मधला कणा झिजून पार बोटभर राहिला होता. साखर कारखान्याच्या भंगारातला रबरी पट्टा आणून त्यानं तो कण्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत खिळ्यांनी ठोकला. काम देखणं झालं. पण उलटी केलेली होडी पुन्हा सुलटीही करावी लागते, हे मात्र या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही! पूर्वी नुसती हाक मारली की दहा माणसं धावायची. आता पलीकडे जाणारे मोटारसायकलवरून लांबच्या पुलानं जातात, आणि वस्तीवर माणसांपेक्षा कुलपंच जास्त.

लाकूड उन्हात तडकत होतं. आजचाही दिवस होडी पाण्याबाहेर राहिली तर सांधे उघडणार, मग ती फक्त सरपणाची. आणि होडी गेली की सोलापूरला लेकीकडे, तिसऱ्या मजल्यावर. विजयमालाचा रोज फोन यायचा, "दादा, आता बास झालं की! हितं या." लेकीची माया खरी होती, पण तिथं दिवसभर गॅलरीत बसून करायचं काय, हे तिलाही सांगता येत नव्हतं.

तेवढ्यात सोजरबाई आली. दर आठवड्याला पलीकडच्या बहिणीला भेटायला जाणारी ती त्याची शेवटची उतारू.

"दाजी, मी लावू का हात?"

"नगं. बाईनं पालथ्या होडीला शिवू न्हाय. आमच्या बापापासनं हाय ते."

"मग बसा की बाप्यांची वाट बघत! कुटं हायत बापे?"

ज्ञानबानं काठाकडं पाहिलं. एका बगळ्याशिवाय तिथं कुणी नव्हतं. त्याला एकदम फार एकटं वाटलं.

"धरा," तो म्हणाला.

सोजरबाईनं पदर खोचून खांदा लावला, त्यानं पहारीवर सगळं अंग टाकलं. होडी कडेवर उभी राहिली, क्षणभर अडली आणि सरळ झाली.

"एवढंच हुतं व्हय?" हात झटकत सोजरबाई हसली.

ज्ञानबाला हसता येईना. त्याची बायको मायाक्का अडतीस वर्षं दर उन्हाळ्यात होडी उलटवताना चहाची किटली घेऊन वीस पावलं लांब उभी राहायची. एका साली माणसं कमी पडली, तेव्हा ती आपणहून पुढं आली होती. तो चारचौघांत तिच्यावर खेकसला होता. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही. तिला जाऊन तीन वर्षं झाली. आता माफी मागायची तरी कुणाची?

दोघांनी होडी पाण्यात लोटली. सोजरबाई चढून बसली.

"मायाक्का असती," तो म्हणाला, "तर तिगांत लई हलकी गेली असती."

म्हाताऱ्याला डोळे पुसता यावेत म्हणून सोजरबाई त्याच्याकडं पाठ करून बसली.