गिटारीसाठी चामोर्शीचा सरस

२०१६ सालचा मे महिना. साल मला पक्कं आठवतं, कारण त्या ऑक्टोबरात छप्पन सालच्या धम्मदीक्षेला साठ वर्षं होणार होती आणि हरिदासदादाने त्याआधी करिष्माचं लग्न करायचं ठरवलं होतं. भद्रावतीत तेव्हा असं ऊन होतं की दुपारी नळाखाली हात धरला तर भाजायचा.

हरिदास माझा मोठा भाऊ. आयुध निर्माणीत फिटर होता. मी पोस्टात होते, लग्न केलं नाही, निवृत्त झाल्यावर त्याच्याच घरी राहायला आले. करिष्मा त्याची एकुलती मुलगी, गडचिरोलीला नर्स. तिचं जमलं होतं चामोर्शीच्या नागसेनशी. तो कृषी खात्यात होता.

दादाकडे एक गिटार होती. कारखान्यातले एक बंगाली साहेब बदली होऊन निघाले तेव्हा त्यांनी ती त्याला दिली. कलकत्त्यात बनलेली, साहेबांच्या वडिलांची, म्हणजे दादाच्या हातात आली तेव्हाच म्हातारी. दादा ऐकून ऐकून वाजवायला शिकला. मग वसाहतीत कोणाचं लग्न असो, बारसं असो, विहारात कार्यक्रम असो, दादाची गिटार, देवाजीभाऊंचा ढोलक आणि सुलोचनावहिनीचा आवाज हे ठरलेलं. देवाजीभाऊ कारखान्यात सुतारकाम करायचे. त्यांचा आवाज ढोलकापेक्षा मोठा.

वहिनी गेली आणि दादाने गिटार चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकली. वर टिनाचं छप्पर. तीन उन्हाळे ती तिथे भाजत पडली होती. आम्ही कोणी विषय काढला नाही.

विषय काढला करिष्माने. नागसेन म्हणाला होता, डीजे आमच्याकडून. लग्नासाठी सुटीवर आलेली ही त्याला फोनवर म्हणाली, "डीजे नको. माझ्या लग्नात बाबा वाजवतील. आई गायली असती, ती नाही. बाबा तर आहेत."

दादा जेवत होता. त्याने ताट सारलं. हात धुतले आणि स्टूल घेऊन माळ्याखाली उभा राहिला.

चादर सोडली तर आधी एक लाकडी पट्टी टपकन फरशीवर पडली. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी. मग दिसलं, पाठीची फळी एका बाजूने सुटून वर आली होती, आत हात जाईल एवढी. दांडा हलवला तर पडायला आलेल्या दातासारखा हलत होता. लाकूड कुठेही मोडलं नव्हतं. फक्त जोड सुटले होते, सगळेच.

दादाने ती मांडीवर घेतली, पुन्हा चादरीवर ठेवली.

"मेली हे," तो म्हणाला. "सांग त्यायले, आणा म्हणा डीजे."

"बाबा, देवाजीकाकांना तर दाखवू."

"देवाजी दरवाजे बसवते. हे दरवाजा नाई."

तरी मी देवाजीभाऊंना बोलावलंच. त्यांनी गिटार उलटी केली, पाठीच्या फटीत नाक घातलं, हुंगलं आणि जाहीर केलं, "सरस आहे."

"काय सरस आहे? सगळी तर उकलली," दादा म्हणाला.

"अबे, सरस! चामडं उकळून करतेत तो. गुळाच्या खड्यासारखा राह्यते. जुनी पेटी, जुनी सारंगी, सगळं त्याच्यावरच. उन्हानं वाळला, सुटला. पुन्हा तोच लावायचा."

"हा पांढरा डब्यातला नाई चालत का?"

"चालते ना. मग पुन्हा कधी उघडायची झाली तर कुऱ्हाड घेऊन ये. सरस गरम सुरीनं सुटते. चुकला तर सोडव, पुन्हा लाव." मग छाती फुगवून म्हणाले, "मी एका साहेबाचं व्हायोलिन असंच जोडलं होतं."

"ते साहेब मग तुह्याशी बोलणं सोडून गेले," दादा म्हणाला. वहिनी गेल्यापासून त्याने पहिल्यांदा कोणाची टर उडवली होती. करिष्माने माझ्याकडे पाहिलं.

आता सरस आणायचा कुठून? भद्रावतीतली हार्डवेअरची दुकानं मी पालथी घातली. एका दुकानातल्या पोराने विचारलं, "मावशी, सरस म्हणजे कोणता? सगळेच चांगले आहेत आमच्याकडे." चंद्रपूरलाही मिळाला नाही. तेव्हा मला चामोर्शी आठवली. नोकरीत काही वर्षं मी तिथल्या पोस्टात होते. तिथे पोचू नावाचा पेंटर होता. झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचा, राजवाडा, जंगल, कोर्ट, सगळं. रंगाची पूड तो सरसात कालवायचा, तेव्हाच रंग पडद्याला धरतो. त्याच्या नावाची पार्सलं माझ्याच हातून जायची. तो अजून असेल तर सरस असणारच.

मी नागसेनच्या आईला, नीलिमाताईंना, मोबाइलवर निरोप धाडला. ताई अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका, मोठ्या मनाच्या आणि तितक्याच मानी. आता माझी एक सवय सांगायला हवी. तारेत शब्दागणिक पैसे लागत त्या काळात मी पोस्टात वाढले. एक शब्द जास्त लिहिला तरी हात आखडतो. मी लिहिलं, "दादाला वाजवायला सरस लागेल. नेहमीचा नको. मिळाल्यास लग्नाआधी पाठवावा."

लगेच उत्तर आलं, "मिळेल ताई. निश्चिंत राहा."

मी निश्चिंत राहिले. दादाही दिवसातून दोनदा विचारायला लागला, "आला का चामोर्शीवरून?" गिटार माळ्यावर परत गेली नाही. दिवाणावर वहिनी बसायची तिथे चादर अंथरून ठेवलेली असायची. देवाजीभाऊंनी सायकलची जुनी ट्यूब कापून पट्ट्या करून ठेवल्या होत्या, जोड बांधायला.

लग्न चार दिवसांवर आलं आणि सकाळी आमच्या गल्लीत एक मिनी ट्रक शिरला. मागे काळे खोके, एकावर एक, घराच्या छपराएवढे उंच. वर दिव्यांचा लोखंडी सांगाडा. गल्लीतल्या तारा बांबूने उचलत उचलत तो दारात येऊन थांबला. एक पोरगेलासा माणूस खाली उतरला.

"हरिदासभाऊंचं घर हेच का? मी सुनिल. डीजे. चामोर्शीच्या बाईंनी पाठवलं. म्हणाल्या, सगळ्यात सरस जे असंल ते लाव, भाऊंले साधं चालत नाई. पहिले ऐकवून दाखव म्हणाल्या."

आणि त्याने ऐकवून दाखवलं. खिडकीच्या काचा थरथरल्या, शेजारच्या कोंबड्या भिंत ओलांडून पळाल्या. दादा बनियनवर बाहेर आला. खोके पाहिले, दिवे पाहिले, मग मला पाहिलं.

"तूनं बोलावला?"

"नाही रे दादा, मी तर..."

"बरं केलं. कायले कोणाले लटकवून ठेवायचं." तो आत गेला. मी मागोमाग गेले तर गिटार चादरीत बांधून झाली होती आणि तो स्टूल शोधत होता.

"आत्या, तू मागवलं तरी काय?" करिष्माचा आवाज रडवेला झाला होता.

"सरस."

"काय लिहिलंस, दाखव."

मी मोबाइल दिला. देवाजीभाऊंनी तिच्या खांद्यावरून वाचलं आणि ओट्यावर बसकण मारली. त्यांना हसू आवरेना. "वाजवायले सरस लागंल! नेहमीचा नको! अगं बाई, तूनं तर डीजेच मागवला!"

मी तिथेच उभी राहून नीलिमाताईंना फोन लावला, आणि करिष्माने तो सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"आला ना?" पलीकडून ताई म्हणाल्या. "आवडला का भाऊंले?"

"ताई, सरस म्हणजे गोंद हो! चामड्याचा. दादाची गिटार उकलली आहे, ती चिकटवायची आहे. तुमच्याकडच्या पोचू पेंटरकडे असतो तो."

"गोंद?"

"हो."

"अन् मले काय वाटलं! म्हटलं, यायले आमचं काईच पसंत नाई. साड्या पाहिल्या तर तोंड वाकडं, आधी डीजे नको, आता डीजेही सरस पायजे. दोन दिवस जेवण गेलं नाई मले. नागसेनवर ओरडली, कुठी सोयरीक जोडली म्हणून!"

"साड्यांना कोणी तोंड वाकडं केलं?"

"तुम्हीच केलं."

"मला सुपारी लागली होती ताई!"

स्टूल हातात घेऊन दादा दारात उभा होता. आधी त्याचे खांदे हलले, मग आवाज आला. हसता हसता त्याने स्टूल खाली ठेवलं आणि त्यावरच बसला. सुनिलला काही कळत नव्हतं, पण तोही हसायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने नीलिमाताई स्वतः आल्या. पोचू पेंटर अजून होता, डोळे अधू झाले होते, पण पडदे रंगवत होता. त्यांनी पिशवीतून कागदाची पुडी काढली. "घ्या. याच्याहून सरस मागसाल तर मीच येऊन बसीन वाजवायले."

खडे रात्रभर पाण्यात भिजवले. पहाटे, ऊन चढायच्या आत, ओसरीवर स्टोव्ह पेटवला. गरम पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवून सरस पातळ करायचा, उकळू द्यायचा नाही, हे देवाजीभाऊंनी आम्हाला तीन वेळा बजावलं आणि मग व्हायोलिनवाल्या साहेबाची गोष्ट सांगताना स्वतःच उकळू दिला. ती खेप गेली.

"साहेबाचं नाव तर सांगा एकदा," ताई म्हणाल्या. "त्यांच्यापायी एवढा सरस वाया गेला."

दुसरी खेप दादाने स्वतः राखली. वास मात्र घरभर झाला, ओल्या कातड्याचा. दादा डबा ढवळता ढवळता म्हणाला, "आपल्या बापानं छप्पन साली चामड्याचं काम सोडलं. मेलेली ढोरं ओढणं सोडलं. अन् मी साठ वर्षांनी ओसरीवर चामडं शिजवून राह्यलो."

त्याचा हात थांबला. मग ताई म्हणाल्या, "भाऊ, ते दुसऱ्याच्या हुकमानं होतं. हे आपल्या पोरीसाठी आहे. ढवळा तुम्ही."

दादाने ढवळलं.

खरी पंचाईत पुढे झाली. पाठीची फळी निम्मी सुटली होती, निम्मी अजून धरून होती. देवाजीभाऊ म्हणाले, सगळी सोडवायची. दादा तयार होईना. "जे धरून आहे ते तरी राहू दे. मोडली तर लग्नात काय वाजवू?"

"अर्धा जुना, अर्धा नवा, असा जोड ऐन वाजवताना सुटंल. तेव्हा काय करशील, फळी धरून गाशील?"

दादाने करिष्माकडे पाहिलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला वाटेल तसं करा."

त्याने देवाजीभाऊंच्या हातातली सुरी घेतली, स्टोव्हवर गरम केली आणि आपल्याच हाताने फटीत सरकवली. कर्र कर्र आवाज होत गेला. शेवटी फळी हातात आली, अख्खी, एक कपचाही न उडता. दादाने तेव्हा कुठे श्वास सोडला. जुना सरस कोमट पाण्याने पुसला, नवा लावला, फळी बसवली, दांडा बसवला, घोडी तिच्या जुन्या डागावर ठेवली आणि ट्यूबच्या पट्ट्यांनी सगळी गिटार आवळली. पाय मोडलेल्या माणसासारखी दिसत होती.

"आता कूलर बंद," देवाजीभाऊ म्हणाले. "कूलरची ओल लागली तर पुन्हा सुटंल."

मे महिन्यात, भद्रावतीत, कूलर बंद! दुपारभर आम्ही पाचजण ओसरीलगतच्या खोलीत घामाने निथळत बसलो. विहीणबाई पदराने वारा घेत होत्या, देवाजीभाऊ सदरा काढून भिंतीला टेकले होते. शेजारीण डोकावून म्हणाली, "लाईट गेली का?" करिष्मा म्हणाली, "नाही काकू, बाबांची गिटार झोपली आहे." कोणी उठून दुसऱ्या खोलीत गेलं नाही. त्या दुपारी ताई आणि मी जेवढं बोललो तेवढं दोन घरांत एरवी वर्षभरात बोलणं होत नाही. साड्यांचाही निकाल लागला.

लग्नाच्या आदल्या दिवशी दादाने पट्ट्या सोडल्या, तारा चढवल्या आणि हळूहळू पिळल्या. आम्ही सगळे घोडीकडे बघत होतो. घोडी हलली नाही.

विहारापुढच्या मांडवात त्रिसरण, पंचशील झालं, वधूवरांनी प्रतिज्ञा घेतली, फुलं पडली. मग दादा खुर्ची ओढून बसला. पहिले सूर चुकले. बोटं तीन वर्षांत आखडली होती. देवाजीभाऊंनी ढोलकावर जोराची थाप मारून ते झाकलं आणि त्याच्याकडे बघून डोळे वटारले. दादाने पुन्हा सुरुवात केली, वहिनी नेहमी सुरुवातीला गायची तेच गाणं. आवाज मागच्या रांगांपर्यंत पोचेना, तेव्हा सुनिलने उठून आपला माइक गिटारीसमोर धरला आणि पूर्ण गाणं होईपर्यंत वाकून उभा राहिला. गाणाऱ्याची जागा रिकामी होती. दुसऱ्या कडव्याला तिथून करिष्माच गायला लागली, मुंडावळ्यांसकट. सूर तिच्या आईचा नव्हता, पण शब्द एकही चुकला नाही. जेवणं झाल्यावर पोरं डीजेवर नाचली ती नाचलीच, आणि सगळ्यात पुढे नीलिमाताई.

आता कोण कुठे आहे ते सांगते. देवाजीभाऊ २०२० च्या हिवाळ्यात गेले. त्या व्हायोलिनवाल्या साहेबाचं नाव त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. पोचू पेंटरने पडदे रंगवणं सोडलं, मुलीकडे सिरोंचाला असतो असं ऐकलं. सुनिलने डीजे विकून मांडवाचं सामान घेतलं, कान दुखतात म्हणाला. नीलिमाताई निवृत्त झाल्या. दर उन्हाळ्यात आठ दिवस आमच्याकडे येतात आणि माझ्याशी रोज भांडतात. करिष्मा आणि नागसेन गडचिरोलीत आहेत, त्यांना एक मुलगा आहे. माझे दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले. दादाने पंचाहत्तरी ओलांडली. मागच्या वर्षी गिटारीचा दांडा पुन्हा हलायला लागला, तर त्याने एकट्याने तो सोडवला, लावला, बांधला, आणि कूलर बंद करून मला दोन दिवस उकाड्यात ठेवलं.