पिटुकलीची वाटी

डॉक्टरीणबाईंनी पिटुकलीला काट्यावरून उचललं, पुन्हा ठेवलं. दोन्ही वेळा आकडा तोच. मागच्या भेटीपेक्षा कमी.

"खाते ना नीट?"

"वाटी चाटूनपुसून साफ करते हो," पिटुकलीची आई म्हणाली. पण बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, दुपारची वाटी तिने कधी पाहिलीच नव्हती. ती कामावर असायची, भरवायच्या सासूबाई. संध्याकाळी तिला दिसायची घासून ठेवलेली वाटी आणि ऐकू यायचं, "संपवलं हो सगळं आमच्या बाईने!"

ती एका संशोधन संस्थेत कामाला होती. तिथे उंदरांना कमी खायला घालत. त्यांच्या यकृताचे तुकडे वाटून पेशींची किती नासधूस झाली ते मोजणं हे तिचं काम. आपण जो प्राणवायू घेतो त्यानेच पेशी आतून गंजत जातात, आणि खाणं कमी केलं की हा गंज कमी चढतो, असं तिच्या नळ्यांमध्ये दिसत होतं. एकदा जेवताना तिने हे कौतुकाने नवऱ्याला सांगितलं. त्याचा चमचा हवेतच थांबला. त्याचे वडील धडधाकट असताना अचानक गेले होते, आणि तेव्हापासून त्याने आईबद्दल धसका घेतला होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर तराजू आला आणि सासूबाईंचं ताट आटलं.

"अरे, ते उंदीर तरुण होते," ती म्हणाली. "म्हातारपणी सुरू केलं तर फायदा होईलच असं नाही. उलट अंगावरचं मांस झडतं."

"उशीर झाला म्हणून सुरूच करायचं नाही?"

"मग तूही कर की!"

"मला ऑफिसात डोकं चालवावं लागतं."

"भांडू नका रे," सासूबाई हसल्या. "माझ्या ताटात काय आहे ते जन्मात कुणी बघितलं नाही. हा बघतोय ना, बघू दे."

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आल्यावर दुसऱ्याच दिवशी तिने अर्धी रजा टाकली आणि आवाज न करता दार उघडलं. स्वयंपाकघरात सासूबाई पिटुकलीला भरवत होत्या. "हा घास चिऊचा," म्हणत चमचा पिटुकलीच्या तोंडात. "हा काऊचा," म्हणत चमचा स्वतःच्या तोंडात. दारात उभ्या असलेल्या तिला आधी हसूच आलं. पण काऊ काही थांबेना. चिऊ आ वासून बसलेली आणि काऊचे घासामागून घास चाललेले, डोळे मिटून. शेवटी सासूबाईंनी वाटीत बोट फिरवलं, चाटलं आणि डोळे उघडले. समोर सून.

"त्याला सांगू नकोस गं," त्या कशाबशा म्हणाल्या. "शरमेने मरेन मी."

"मग पोटभर जेवा ना, आई. मी वाढते."

"काट्यावर कळतं त्याला. रविवारी उभं करतो ना मला. चेहरा एवढासा होतो त्याचा."

त्याच संध्याकाळी नवरा सासूबाईंच्या रक्ताचा रिपोर्ट नाचवत घरी आला. "बघ! पेशींची झीज उतरलीय. तुझंच शास्त्र!"

"बास कर आता. आई पार खंगल्यात."

"रिपोर्ट तर उलटं सांगतोय. तुझ्याकडे काय पुरावा आहे?"

पुरावा तिच्या कडेवर होता. तिने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी त्याच्या नकळत मान हलवली, नको. आणि तिने सांगितलं. काऊसकट सगळं सांगितलं.

त्याने रिपोर्टची घडी घातली. आता तराजू माळ्यावर जाणार, असं तिला वाटलं. मग तो गळका नळ दुरुस्त करायचं ठरवावं तशा आवाजात म्हणाला, "दोघींना एकत्र ठेवायलाच नको होतं."

तिच्या संस्थेतही अर्धपोटी उंदरांना याचसाठी एकेकटं ठेवत. दोघं एका पिंजऱ्यात आले तर जो जास्त भुकेला तो दुसऱ्याचं संपवतो आणि आकडे बिघडतात. त्या पिंजऱ्यांवर चिठ्ठ्या तिनेच चिकटवल्या होत्या.

पिटुकली पाळणाघरात जाऊ लागली. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई "शाब्बास!" म्हणाल्या. नवऱ्याशी पुन्हा भांडायचं असं ती रोज बसमध्ये ठरवायची, वाक्यंसुद्धा जुळवायची. पण पोरीचे भरलेले गाल बघितले की भांडण उद्यावर जायचं. पोरीचं तर मार्गी लागलं होतं.

एकदा निघताना तिने सासूबाईंच्या उशाशी केळं ठेवलं. संध्याकाळी ते तिथेच काळं पडलेलं.

"चोर ना मी?" सासूबाई म्हणाल्या. "चोरासमोर असं उघड्यावर ठेवतात का?"

एवढं एकदाच. एरवी त्या कधी टोचून बोलल्या नाहीत. टेबलापाशी ताठ बसायच्या, घास पाणी होईपर्यंत चावायच्या, मुलाला हसून दाखवायच्या. फक्त पाळणाघरातून आल्या आल्या पिटुकलीला मांडीवर ओढायच्या, तिच्या तोंडाशी नाक न्यायच्या आणि सुनेला विचारायच्या, "आज डब्यात काय होतं?"

"काही खास नाही, आई. नुसता अळणी भात."

"खोटं नको बोलूस," सासूबाई म्हणाल्या. "लोण्याचा वास येतोय."