हललेला हात

कॉलेजच्या एका निनावी पानावर कुणीतरी तिचा जांभई देतानाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'पाणघोडा'. दुपारपर्यंत सत्तर जण हसून गेले. आता कॉलेजचं तोंड पाहायचं नाही, असं ठरवून ती मावशीच्या फोटो स्टुडिओत येऊन बसली.

मावशीने कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. "अगं बाई, काय हे ध्यान!"

"मावशी, तूसुद्धा?"

"तू नाही गं, फोटो! हात हललाय मेल्याचा. लिही तसं."

तिने भीतभीत लिहिलं, 'काढणाऱ्याचा हात हललाय.'

मिनिटभरात उत्तर आलं, 'माझा हात कधीच हलत नाही! मान तू हलवलीस.' रागाच्या भरात खातं बदलायचं राहून गेलं होतं. कॉलेजच्या फोटो क्लबचा अध्यक्ष, ज्याला सगळे 'लेन्सराव' म्हणत, स्वतःच्या नावाने भांडत होता.

सत्तर जण पुन्हा हसले, या खेपेला त्याला.

"उद्या जा आणि त्याला इकडे पाठव," मावशी म्हणाली. "हात धरून शिकवते."

ती पाणघोड्याएवढं तोंड उघडून हसली आणि उद्याचा पहिला तास कितीला आहे ते पाहू लागली.