शीर मिळणार की दमवणार

त्या दोघी नणंद-भावजया एकाच वॉर्डात नर्स होत्या आणि राहतही एकाच घरात. त्यामुळे भांडायला त्यांना जागा कधी कमी पडली नाही.

वहिनीला आपल्या नजरेचा भारी अभिमान. नवा पेशंट स्ट्रेचरवरून पलंगावर येईपर्यंत ती त्याचे हात न्याहाळून मोकळी व्हायची: सलाईन लावताना याची शीर पटकन मिळणार की दमवणार. नणंदेचं मत वेगळं पडलं की पैज लागायची. हरेल तिने घरची भांडी घासायची.

अलीकडे सारखी वहिनीच भांडी घासत होती. दोरखंडासारख्या शिरांचा तो ट्रकड्रायव्हर, त्याच्या बाबतीतसुद्धा ती तोंडघशी पडली. सुई टेकवली की शीर बाजूला निसटायची. नणंद मात्र आधीच म्हणाली होती, "हा दमवणार."

मग एका सकाळी वहिनीने पडद्याआडून ऐकलं. नणंद एका पेशंटची उशी सारखी करत गोड आवाजात विचारत होती, "काका, मागच्या खेपेला सुई लावताना फार टोचाटोच झाली होती का हो?"

असं आहे होय, वहिनी मनात म्हणाली. खरं तर राग यायला हवा होता, पण तिला हसूच आलं.

दुपारी शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई भरती झाल्या. हातावर हिरवी शीर अगदी ठसठशीत. वहिनी आधी पोचली आणि त्यांच्या कानाशी लागली. "बाई, दुसरी सिस्टर येऊन मागच्या वेळचं विचारेल. फार त्रास झाला म्हणून सांगा. जरा रंगवून."

बाईंचे डोळे चमकले. "ते माझ्यावर सोडा."

बाईंनी असं काही रंगवलं की शेजारच्या पलंगावरची आजी उठून बसली. मागच्या वेळी म्हणे दोन्ही हात झाले, पाय झाले, शेवटी भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलावलं. नणंद बाहेर येऊन म्हणाली, "दमवणार."

"मिळणार," वहिनी म्हणाली. "आणि लक्षात ठेव, आज घरी पाहुणे आहेत जेवायला."

तिने आत जाऊन बाईंच्या दंडाला पट्टा बांधला, सुई घातली. शीर आतल्या आत आक्रसली आणि गेली ती गेलीच. वहिनीने सुई काढून कापूस दाबला.

"बाई," ती हळूच म्हणाली, "मागच्या वेळी नक्की काय झालं होतं?"

"मघाशी सांगितलं की. दोन्ही हात, मग पाय."

"म्हणजे ते खरं होतं?"

"मग? रंगवायचं म्हणून डॉक्टरांना मिशा तेवढ्या लावल्या. खरं-खोटं तुम्ही विचारलंत कुठे?"

पडद्यामागे नणंद तोंडात रुमाल कोंबून उभी होती. हसू आवरल्यावर ती गरम टॉवेल घेऊन आली, बाईंचा हात गुंडाळून खाली सोडला आणि थोड्या वेळाने कोपराजवळची शीर मिळवली.

त्यानंतर दोघी प्रत्येक पेशंटला उघडच विचारू लागल्या. पैजेतली गंमत संपली, पण टोचाटोच कमी झाली. चटक लागली ती बाईंना. समोरच्या पलंगावर कोणी आलं, की त्या चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "मिळणार. लावता पैज?"