शिंपीमामांचा मित्र

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. औषधाच्या दुकानात, दारालगत उभा असतो. कारखान्यात माझं लोखंडी अंग ओतलं, पांढरा रंग दिला आणि छातीवर गोल तबकडी बसवली. सुरुवातीला माझा काय थाट होता! लोक रांग लावत. वजन घटलेले म्हणत, "काटा एकदम चोख आहे." वाढलेले म्हणत, "बिघडलाय मेला." पुढे काउंटरजवळ काचेचा चपटा काटा आला आणि माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहीना.

अपवाद फक्त एका जातीच्या गिऱ्हाइकांचा. ज्यांना काहीतरी खासगी विचारायचं असतं आणि दुकान रिकामं व्हायची वाट पाहायची असते, असे पुरुष.

शिंपीमामा त्यातलेच. एरवी हा माणूस अख्ख्या आळीच्या कमरेची मापं चारचौघांत ओरडून सांगायचा. एका दुपारी मात्र ते माझ्यावर पाच वेळा चढले आणि पाच वेळा उतरले. वजन तेच, एकाहत्तर किलो. शेवटची बाई खोकल्याचं औषध घेऊन गेली, तसे ते काउंटरशी सरकले.

"ताई, माझ्या एका मित्राला गोळी मिळालीय. ती... पुरुषांची असते ना, ती. जेवणाआधी घ्यायची की नंतर?"

दुकानवाल्या ताई हसल्या नाहीत. "डॉक्टरांनी दिली?"

"छे, दुसऱ्या मित्राने."

"तुमच्या मित्राला हृदयाचा काही त्रास?"

"त्याला? दगड आहे, दगड!"

तेवढ्यात मामी आत आल्या. "अगं बाई, तुम्ही इथे? ताई, यांच्या जिभेखाली ठेवायच्या गोळ्या संपत आल्यात. गेल्या वर्षीच्या झटक्यापासून जरा जिना चढले की छाती धरतात."

मामा गुपचूप पुन्हा माझ्यावर येऊन उभे राहिले. काटा थरथरत होता. मित्रांनो, तो दोष माझा नव्हता!

ताईंचा चेहरा उतरला. "मामा, तुमच्या मित्राने ती गोळी घेतली का?"

"नाही. खिशात आहे... त्याच्या."

"मग मुळीच घेऊ देऊ नका. जिभेखालची गोळी घेणाऱ्याने ही घेतली की रक्तदाब धाडकन खाली येतो. माणूस जिवानिशी जाऊ शकतो."

"पण मित्र म्हणतो, दोन तासांचं अंतर ठेवलं तर?"

"दोन तासांनी काय होतंय? एक-दोन दिवस अंगात असर राहतो. हृदयाच्या प्रत्येक रुग्णाला ही वर्ज्यच असते असं नाही. पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं, मित्राने नाही."

मामी एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "अहो, तुमच्या मित्राला माझा निरोप सांगा. त्याच्या बायकोने काही मागितलंय का? तिला तो नुसता समोर बसून कुरकुरत असला तरी पुरे."

मामा खाली उतरले. खिशातली चुरगळलेली पुडी त्यांनी ताईंसमोर ठेवली. मान काही वर झाली नाही.

दुसऱ्याच दिवशी दोघं डॉक्टरांकडे गेले. मामांच्या हृदयाच्या नळीत अडथळा निघाला, स्टेंट बसवावी लागली. पुढे काही महिन्यांनी डॉक्टरांनी त्यांना ट्रेडमिलच्या चालत्या पट्ट्यावर चांगलं दमवलं. छाती दुखली नाही. जिभेखालच्या गोळ्या आधीच थांबवल्या होत्या. मग मामांनी, कान लाल करून, स्वतःच त्या गोळीचं विचारलं. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली.

चिठ्ठी वाचून ताईंनी विचारलं, "मित्राची का?"

"नाही. माझीच."

"बरं. ही घेतल्यावर छातीत दुखलं, तर घरातली जुनी जिभेखालची गोळी शोधायची नाही. लगेच दवाखाना गाठायचा, आणि ही कधी घेतली ते तिथे सांगायचं."

"मी लिहून फ्रीजवर चिकटवते," मामी म्हणाल्या.

"फ्रीजवर नको!" मामा किंचाळले. "पाहुणे येतात!"

मित्रांनो, आता माझे सांधे आखडलेत. कुणी तेलाचे दोन थेंब टाकले तर उपकार होतील. पण त्याआधी स्वतःच्या हृदयाचं बघा. कोणती औषधं चालू आहेत असं कुणी विचारलं, तर सगळी सांगा. मी इतकी वर्षं माणसं तोलतोय, पण मामांच्या खिशातली ती पुडी काही मला कळली नाही. ते विचारायला माणूस लागतं, आणि सांगायलाही.