खांबामागची जागा

मोडण्यासाठी वस्तू बनवायची आणि वर त्याचा पगार घ्यायचा, असं काम करणारा नाशकात आमचा हा एकटाच, असं किशोर देवरेची बायको ललिता आल्यागेल्याला सांगायची. बाकीचेही तेच करतात, पण ते पैसे न मोडण्याचे घेतात, असं किशोर त्यावर म्हणायचा. पाहुणे हसायचे आणि मग चहा यायचा.

गोष्ट मात्र खरी होती. सातपूरच्या ज्या कारखान्यात रस्त्याकडेचे लोखंडी कठडे बनत, तिथं कठड्याच्या टोकाचा खांब एकट्या किशोरच्या ताब्यात होता. कठडा गाडीला दरीत जाऊ देत नाही हे ठीक. पण गाडी नेमकी कठड्याच्या टोकावर आली, तर ते टोक भाल्यासारखं इंजिनातून ड्रायव्हरच्या छातीपर्यंत जातं. म्हणून टोकाचा खांब लाकडी करायचा आणि जमिनीलगत त्याला आरपार भोक पाडायचं. धक्का बसला की खांब भोकापाशी कटकन मोडतो, कठड्याची पट्टी बाजूला वळते, गाडीचा जोर जिरतो आणि ड्रायव्हर खाली उतरून रस्ता बांधणाऱ्याच्या घराण्याचा उद्धार करायला जिवंत राहतो. भोक केवढं आणि किती उंचीवर, एवढ्या एका प्रश्नात किशोरचे बरेच केस गेले.

अठ्ठ्याण्णव साली पेठ रस्त्यावरच्या एका घाटात, उतारावरच्या वळणाला, त्याचा खांब चाचणीसाठी बसवला.

वळणाच्या वर एक पाडा होता. तिथल्या लोकांना खांब कशासाठी असतो हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. खांब पाठ टेकायला असतो. दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला जाणारी माणसं जीपची वाट बघत तिथं बसू लागली. मंगळू सगळ्यांच्या आधी यायचा, कठडा ओलांडून खांबाला पाठ लावायचा आणि दरीकडे तोंड करून बिडी ओढत बसायचा. एका सकाळी उतारावर एका टेम्पोचे ब्रेक लागले नाहीत. खांब भोकापाशी कटकन मोडला, ड्रायव्हरच्या कपाळाला चार टाके पडले आणि मंगळू जागच्या जागी गेला.

कारखान्यात पेढे वाटले नाहीत, एवढा पाचपोच लोकांना होता. पण अहवालात ‘खांबाची कामगिरी समाधानकारक’ असं वाक्य गेलं. ते खोटं नव्हतं. खोटं असतं तर किशोरला झोप लागली असती.

त्यानंतर एक विचित्र गोष्ट सुरू झाली. खांबाचं बाजूने दिसणारं चित्र काढताना खांबामागे कागद कोरा असतो. पूर्वी त्या कोऱ्या जागेकडे किशोरचं लक्षही जात नसे. आता तिथं कुणीतरी पाय पसरून बसलेलं दिसे. तो खोडरबर घ्यायचा आणि कोरा कागद खोडत राहायचा. कारखान्याच्या शेठनं एकदा विचारलं, काय खोडताय देवरे? किशोर म्हणाला, धूळ आहे.

मोडक्या खांबाच्या जागी नवा बसला होताच. पावसाळा सरता सरता बातमी आली की पाड्यावरच्या लोकांनी त्याच्याभोवती चौथरा बांधलाय. किशोर आपली मारुती काढून निघाला.

चौथरा त्याच्या कल्पनेपेक्षा चांगला बांधला होता. दगड आणि सिमेंट, गुडघाभर उंच, भोक पार आत गडप. वर शेंदूर फासलेला दगड, नारळ, झेंडूची माळ. कारखान्यातल्या कुणाच्या हातूनही इतका पक्का खांब आजवर उभा राहिला नव्हता. आता हा मोडणं शक्य नव्हतं. द्राक्षांची छाटणी तोंडावर आलेली, दोनचार दिवसांत टपापर्यंत माणसं भरलेल्या जीपा याच उतारावरून सुटणार. त्यातली एखादी या टोकावर आली, तर काय होईल याचं गणित किशोरला पाठ होतं.

बांधकाम खात्याला कळवून उपयोग नव्हता. खातं माणसाचं राहतं घर पाडू शकतं, शेंदूर लावलेला दगड हलवू शकत नाही.

चौथऱ्यापाशी मंगळूची बायको नवसाबाई बसली होती. किशोरनं तिला खांब का मोडायला हवा ते सांगितलं. हातानं गाडी करून दाखवली, कठडा करून दाखवला. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

“म्हंजे गाडीतला वाचतो,” ती म्हणाली.

“हो.”

“आन् मागं बसलेला?”

किशोरनं गाडी झालेला हात खाली घेतला.

“तो हितंच बसतो अजून,” नवसाबाई म्हणाली. “बिडीचा वास येतो सकाळी. आता त्याला परत कुनी धडकू नये म्हनून बांधलाय.”

शेवटी पाड्यावरून बारकू भगताला बोलावलं. त्यानं किशोरला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि सांगितलं की जागा मंगळूची आहे, तेव्हा विचारायचं ते मंगळूलाच विचारावं लागेल. आणि ते भगतानं विचारून चालणार नाही. खांब ज्याचा, त्यानं विचारायचं, तेही मंगळूच्या जागेवर बसून.

तेव्हा बी.ई. मेकॅनिकल किशोर देवरे कठडा ओलांडून चौथऱ्याला पाठ लावून दरीकडे तोंड करून बसला. मागून एक ट्रक उतारावरून येऊ लागला. त्याला ट्रक दिसत नव्हता, फक्त आवाज मोठा होत होता, आणि आपल्या मागचा खांब आता मोडणार नाही या विचारानं त्याला मनापासून बरं वाटलं. बरं वाटलं हे ध्यानात आलं, तेव्हा त्यानं पाठ चौथऱ्यापासून सुटी केली. ट्रक वळून निघून गेला. डाव्या खांद्याला कुणाचा तरी खांदा लागलेला होता, आणि एसटीच्या बाकावर नव्या माणसासाठी सरकतात तसा तो खांदा जरासा सरकला. किशोरनं मान वळवली नाही.

“काय म्हणू?” त्यानं विचारलं.

“ऊठ म्हना,” बारकू म्हणाला.

“मंगळूभाऊ,” किशोर म्हणाला, आणि आपला आवाज त्याला परका वाटला. “आता उठा.”

बारकूनं सुपातल्या तांदळाची चिमूट घेतली, दाणे जोडीजोडीनं मांडले. एकही उरला नाही, म्हणजे होकार. किशोरच्या डाव्या खांद्यावरचा भार गेला.

मग पाड्यावरच्याच माणसांनी पहारी आणल्या. दगड आधी मानानं उचलून वर आंब्याखाली ठेवला, चौथरा फोडला, भोक मोकळं केलं. इथं खांबामागे कुणी बसायचं नाही, वर आंब्यापाशी थांबायचं, असं ठरलं. तेवढ्यात एक भरलेली जीप उतारावरून आली आणि वळण घेऊन गेली. काही झालं नाही. काही न होणं हेच किशोरच्या धंद्याचं उत्पादन होतं आणि ते फोटोत येत नसे.

हात धुताना बारकू सहज म्हणाला, “ऊठ म्हनलात. कुठं जा, ते सांगितलंत का?”

“तुम्ही तेवढंच म्हणायला सांगितलं.”

“पुढचं ज्याचं त्यानं सांगायचं असतं.” बारकू सूप काखेत मारून पाड्याकडे चालू लागला.

किशोर गाडीपाशी आला, तर नवसाबाईनं डाव्या बाजूचं दार उघडलं होतं. सीटवर तिनं फडक्यात बांधलेली नागलीची भाकर ठेवली, दार अलगद लावलं आणि काचेतून थोडा वेळ आत बघितलं.

“तापट नाय तो,” ती म्हणाली. “पायाला लय लागलंय. उतरवताना घाई करू नका.”

घाट उतरताना मारुती डावीकडे किंचित कलली होती. किशोरनं वाटेत थांबून चाकातली हवा बघितली. हवा बरोबर होती. पुढं नाशिक येईपर्यंत त्यानं काच खाली ठेवली, बिडीच्या धुरासाठी.

घरी पोचला तेव्हा ललिता दारात तुळशीला दिवा लावत होती. नवरा उतरला, गाडीला वळसा घालून गेला आणि दुसरं दार उघडून धरून उभा राहिला. बराच वेळ तसाच उभा राहिला. विनोद तिच्या ओठांपर्यंत आला होता.

“कोण आलंय?” तिनं विचारलं.

“पेठकडचे आहेत,” किशोर म्हणाला. “जरा वेळ लागेल त्यांना.”

ललितानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग उघड्या दाराकडे. तिनं पदर सावरला आणि वाट द्यायला भिंतीला लागून उभी राहिली.