इंजिन गार होईपर्यंत

“गरम असताना झाकण उघडायचं नाही, चिमणे. वाफेला नातं कळत नाही.”

आवाज दादाचा. तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटत होती, आणि रेडिएटरच्या झाकणाकडे गेलेला चिमणीचा हात त्याने वरच्यावर धरला होता. उन्हाळा होता की हिवाळा, गाडी कुणाची होती, ते सगळं धुऊन गेलं. आवाज तेवढा राहिला. कुठे पाणी उकळायला लागलं की तो अजून तिच्या कानामागे बोलतो, थोडा हसत, थोडा दटावत.

आता चिमणीच्या केसांत चांदी उतरली होती. दादा जाऊनही बरेच दिवस झाले होते. घरात उरल्या होत्या दोघी, चिमणी आणि वहिनी. आणि दारापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये दादाची गाडी.

वहिनी कपडे शिवायची. पुढच्या खोलीत तिचं मशीन, आणि जमिनीवर कायम चिंध्यांची फुलं पडलेली. चिमणी बसस्टँडवर घोषणा करायची. काचेच्या खोलीत बसून ती दिवसभर लोकांना वाटेला लावायची. निम्म्या गावाला तिचा आवाज ओळखीचा होता, चेहरा मात्र कुणालाच नाही. एकदा दुकानात तिने बटाट्याचा भाव विचारला, तर शेजारचा गृहस्थ दचकून पिशवी उचलून निघालाच, आपली गाडी लागली म्हणून! वहिनी ते आठवून अजून हसायची.

त्याच वहिनीला डोंगरावरच्या गावातल्या शिवणशाळेत शिकवायला बोलावलं होतं. राहायला दोन खोल्या आणि खिडकीतून दरी. महिन्यापूर्वी जेवताना तिने हे सांगितलं, तेव्हा चिमणी म्हणाली, “बरं झालं.” बस, दोनच शब्द. पण ते माशाच्या काट्यासारखे तिच्या घशात अडकून बसले. तिला म्हणायचं होतं ते दुसरंच होतं. पण त्याच्या आदल्याच दिवशी वहिनीच्या बहिणीचा फोन आला होता, आणि तिचा खणखणीत आवाज फोनमधून स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला होता. “नवरा गेला तरी नणंद काही सुटली नाही तुला! आता तरी मोकळी हो बाई.” त्यावर वहिनी काहीतरी हळू बोलली आणि हसली. काय बोलली ते कळलं नाही. हसणं तेवढं कळलं.

त्या दिवसापासून चिमणीने ठरवलं होतं, न सुटणारी गाठ आपण व्हायचं नाही. आणि त्या दिवसापासून तिला या घरातल्या रिकाम्या होणाऱ्या खोल्यांची भीती वाटायला लागली होती. रिकाम्या खोलीत आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू येतो. ते ती दिवसभर ऐकतच होती की.

उद्या सकाळी वहिनी निघायची होती. आणि गाडी तापत नव्हती.

“लोकांच्या गाड्या तापतात म्हणून लोक रडतात,” गॅरेजवाला फोनवर वहिनीला म्हणाला, “तुमची तापत नाही म्हणून तुम्ही!”

“अहो, तापमानाचा काटा तळाशी झोपलेलाच असतो. हीटर लावला तर गार वारा. वर घाटात थंडी असते म्हणतात.”

“थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. इंजिन तापेपर्यंत पाणी आत रोखून धरायचं, ते त्याचं काम. तो रोखतच नाही. मी परवाशिवाय येत नाही, पण दोन बोल्टचं तर काम. घरी करा. शिंपीणबाई, तुमच्या हाताला काय अवघड आहे?”

झालं. वहिनीला कुणी “अवघड आहे” म्हटलं असतं तर तिने एकदा विचार केला असता. “अवघड नाही” म्हटल्यावर ती पदर खोचूनच उठली. दुकानातून नवा थर्मोस्टॅट आला, आणि दोन लोखंडांच्या मधे बसवायच्या पॅकिंगचा कागद.

सुट्टीचा दिवस होता. सकाळचं ऊन शेडच्या पत्र्याच्या भोकांतून खाली ठिपक्याठिपक्यांनी पडलं होतं, गाडीवर कुणी टिकल्या टाकल्यासारखं. खाली प्लास्टिकचा टब ठेवून त्यांनी रेडिएटरचं पाणी सोडलं. हिरवं पाणी. ते इतकं शांतपणे उतरत राहिलं की दोघी पाहतच बसल्या. टबात शेड उलटी झाली, ऊन उलटं झालं, दोघींचे चेहरे वाकडे होऊन डुलायला लागले.

“तळ्यात घर बांधल्यासारखं वाटतंय,” चिमणी म्हणाली.

“बांध. पण आधी पक्कड दे.”

वहिनीने वरच्या रबरी पाइपची पट्टी सैल केली, पाइप पिळून काढला, मग धातूच्या झाकणाचे दोन बोल्ट. एक सरळ निघाला. दुसरा अडून बसला. वहिनी त्याला गोंजारत, शिव्या घालत राहिली, “ये रे माझ्या सोन्या, मेल्या, ये,” आणि तो एकदाचा आला. ती हात पुसायला फडकं आणायला आत गेली, तेवढ्यात चिमणीने वाकून जुना थर्मोस्टॅट बोटांनी बाहेर ओढला. पितळेची चकती, मधे बारीकसं तोंड, एका अंगाला स्प्रिंग. स्प्रिंगचं अंग आत होतं, इंजिनाच्या पोटाकडे. तिने ते पाहिलं, आणि पाहून ठेवलं.

“आण इकडं. परीक्षा घेऊ,” वहिनी परत येत म्हणाली. “गॅरेजवाला म्हणाला, पाण्यात उकळून बघा.”

स्वयंपाकघरात पातेलं चढलं. गार पाण्यातच जुन्या थर्मोस्टॅटचं तोंड वासलेलं होतं. वहिनी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिली.

“तुझा दादा असाच झोपायचा. आ वासून. मी म्हणायचे, मिटा ते, माशी जाईल.”

“मग?”

“मग काय, माशी परवडली असं म्हणायचा. मिटलं तर घोरतो.”

दोघी हसल्या. मग एकदम गप्प झाल्या, कारण पाण्यात नवा सोडला होता आणि तो घट्ट मिटलेला होता. पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे जमले, एकेक करून सुटले. खिडकीच्या काचेवर धुकं चढलं आणि बाहेरचं झाड, भिंत, वाळत घातलेली चादर, सगळं विरघळत गेलं. जगात फक्त ते पातेलं उरलं. चिमणीला वाटलं, आपण दोघी त्या पाण्याच्या काठावर फार जुन्या काळापासून बसलोय. आणि मग, कुणी हाक न मारता, त्या चकतीचं तोंड हळूच उघडलं. पहाटे कळी उघडते तसं. कधी मिटलेलं होतं आणि कधी उघडलं, त्यांच्यामधली रेघ दोघींनाही सापडली नाही.

“अगंबाई,” वहिनी कुजबुजली. “याला कोण सांगतं गं, आता उघड म्हणून?”

“पोटात मेण असतं त्याच्या. तापलं की फुगतं. दादा सांगायचा.”

“म्हणजे आतून तापल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हण की.” वहिनीने तिच्याकडे तिरकं पाहिलं. “आहेत अशी माणसं.”

चिमणीने गॅस बंद केला.

पॅकिंगचा कागद वहिनीने कटिंगच्या टेबलावर पसरला. धातूचं झाकण उपडं ठेवून भोवती खडूने रेघ मारली, बोल्टांच्या भोकांवर खुणा केल्या आणि कात्री चालवली. कात्री कागदातून अशी सरकली की जणू वाट आधीपासूनच होती. कापताना ती गुणगुणायची. स्वतःच जुळवायची, स्वतःच विसरायची.

“नणंद-भावजय, दोघी एकाच सुईत,
एक दोरा, एक गाठ, कोण कुणाला ओढीत…”

‘गाठ’ ऐकून चिमणीने नजर टेबलावर वळवली. तिने पॅकिंग उचललं. “वहिनी, हे झाकणाच्या बाहेर येतंय चहूकडून.”

“येणारच. शिलाईला सोडलंय थोडं.”

“इंजिनाला शिलाई?”

वहिनी क्षणभर कागदाकडे बघत राहिली, मग टेबलावर डोकं ठेवून खदखदून हसली. “हात ऐकत नाही गं! जन्मभर हेच केलं.”

जास्तीचा कागद छाटून त्या पुन्हा गाडीपाशी आल्या. चिमणीने टॉर्च धरला. वहिनीने जुन्या पॅकिंगची खरड बोथट सुरीने काढली, जागा पुसून लख्ख केली आणि थर्मोस्टॅट बसवला.

स्प्रिंग वर होती. वहिनीच्या बाजूला. उलटी.

चिमणीला दिसलं. टॉर्चचा उजेड नेमका त्या स्प्रिंगवर पडला होता. तिचे ओठ उघडले. आणि त्याच वेळी तिच्या मनात उद्याची सकाळ आली. ही गाडी शेडमधून मागे सरकेल, वळेल, आणि शेडमध्ये गाडीच्या आकाराचा रिकामा उजेड राहील. गाडी चालली नाही तर ती सकाळ येणार नाही. नाहीतर निदान उद्या येणार नाही.

ओठ मिटले. वहिनीने झाकण लावलं, दोन्ही बोल्ट आवळले, पाइप चढवला, पाणी भरलं.

गाडी सुरू झाली. काटा हलला. इतक्या दिवसांनी उठलेला काटा बघून वहिनीने टाळी वाजवली. काटा मध्यावर आला. वहिनी म्हणाली, “बस राजा, थांब आता.” तो थांबला नाही. चढत राहिला. चिमणीने बॉनेटखाली हात घालून वरच्या पाइपला लावला. इंजिन फणफणत होतं आणि पाइप गारच. आतलं पाणी आतच कोंडलेलं.

“बंद कर! वहिनी, बंद कर!”

किल्ली फिरली. आणि घाबरून बाहेर धावलेल्या वहिनीचा हात रेडिएटरच्या झाकणाकडे गेला, तसा चिमणीने तो मनगटाशी पकडला. घट्ट. दोघी तशाच उभ्या राहिल्या. धातू टकटक करत निवत होता.

“गार होईपर्यंत हात नाही लावायचा,” चिमणी म्हणाली.

म्हणजे थांबणं आलं. दुपार लांब झाली. गाडीची दारं उघडी ठेवून वहिनी पुढच्या सीटवर बसली, चिमणी मागे आडवी झाली. वाऱ्याने वाळत घातलेली चादर फुगायची आणि श्वास सोडल्यासारखी खाली यायची. चिमणीचा डोळा लागला. तिला बसस्टँड दिसलं, पण फलाटांवर गाड्यांऐवजी शिवणमशीनं उभी होती. लोक त्यांच्यावर बसून दोऱ्यावरून घरंगळत दूर निघाले होते. ती काचेमागून घोषणा करत होती, आवाज सगळीकडे घुमत होता, आणि त्यात एकही शब्द नव्हता. लोक तरीही ऐकून निघत होते. शेवटी फलाट रिकामा झाला. वहिनी तेवढी एका मशीनवर बसून होती, पाय पायडलवर ठेवलेले, काचेकडे बघत, जणू तिची घोषणा अजून व्हायची होती.

जाग आली तेव्हा ठिपके शेडच्या दुसऱ्या टोकाला सरकले होते. इंजिन हाताला गार लागलं. वहिनीने पुन्हा टब लावून पाणी उतरवलं, धातूचं झाकण काढलं आणि आत बघत राहिली. मग जुना थर्मोस्टॅट उचलून त्याच्या स्प्रिंगच्या अंगावरचा इंजिनाचा काळा डाग पाहिला, नव्याच्या शेजारी धरला.

“उलटा,” ती म्हणाली. “उलटा बसवला मी. बघ गं माझं नशीब! शिवताना उलटी बाजू आपल्याकडे, काम झालं की उलटवायचं. चाळीस वर्षं हाताला हेच वळण. पण हे इंजिन कुठून उलटवणार?” ती हसायला लागली.

चिमणी हसली नाही.

“मी पाहिलं होतं.”

“काय?”

“तू बसवत होतीस तेव्हाच. मला दिसलं होतं.”

वहिनीचं हसू हळूहळू उतरलं. “मग बोलली नाहीस?”

“नाही.”

“इंजिन गेलं असतं, वन्सं.”

“हो.”

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. रागावेल असं वाटलं, पण ती रागावली नाही. नुसती पाठ वळवून आत गेली. आतून कात्रीचा आवाज आला. नवं पॅकिंग घेऊन ती परत आली. या वेळी काठ अगदी बरोबर होते. तिने थर्मोस्टॅट चिमणीच्या तळहातावर ठेवला. “घे. तूच बसव. तुला ठाऊक आहे ना.”

चिमणीने स्प्रिंग आत, पोटाकडे ठेवली. वहिनी या वेळी गुणगुणत नव्हती, आणि तेच जड वाटत होतं. बोल्ट आवळले. पाणी भरलं.

पुन्हा किल्ली. दोघी पुढच्या सीटवर शेजारीशेजारी बसल्या. काटा उठला, चढला. चढत चढत मध्यावर आला, किंचित पुढे झुकला, आणि मागे येऊन निवांत टेकला. थांबला. चिमणीने बाहेर जाऊन वरच्या पाइपला हात लावला. ऊब. पाणी वाहत होतं.

ती आत येऊन बसली. वहिनीने हीटरचं बटण फिरवलं. आधी धुळीचा वास आला, मग हळूच ऊबदार वारा. वहिनीने दोन्ही तळवे त्याच्यापुढे धरले. बाहेर संध्याकाळ पातळ होत होती.

“आता घाट चढेल,” वहिनी म्हणाली. मग, काट्याकडेच बघत, “बहीण माझी फोनवर काय काय बोलते. तिला मी म्हटलं होतं, अगं, ती नणंद सुटली तर मी उसवेन. हसले मी, पण खरं तेच होतं. तुला कसं सांगणार? तू ‘बरं झालं’ म्हणालीस. मला वाटलं, तुला तुझं घर, तुझी काचेची खोली… तू कशाला येशील उठून?”

चिमणीच्या घशातला काटा हलला. आपला आवाज कसा निघेल ते तिला माहीत नव्हतं. घोषणेचा नसेल, एवढंच कळत होतं. तो निघाला तेव्हा अगदी बारीक होता.

“वहिनी, मी उलटं बसू दिलं, कारण तू जाऊ नयेस असं वाटलं. पण तू जा. फक्त मला इथं ठेवून जाऊ नकोस. मला पण ने.”